दोन नटांचा काम

भाईंशी बोलायचं तर त्यांच्या पायांशी बोलायची सवय लागते. आमच्या वाडीत ती सगळ्यांनाच आहे. पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन येतो, खळ्यात उभ्या झेनखालून बाहेर आलेल्या दोन पायांसमोर थांबतो आणि म्हणतो, "भाईनु, सही होयी." गाडीखालून एक काळाकुट्ट हात येतो, कागद आत जातो. परत येतो तेव्हा त्यावर सही असते आणि शेजारी न मागितलेला अंगठाही. लग्नाची पत्रिका द्यायला आलेली माणसं वाकून त्या पायांना नमस्कार करतात. त्यात वावगं काही नाही, नमस्कार पायांनाच करायचा असतो. आशीर्वाद मात्र चाकाच्या बाजूने येतो, आणि त्याला जोडूनच, "तो बारा नंबर जरा हयसर सरकव."

कोकणात प्रत्येक वाडीला एक गाऱ्हाणं घालणारा असतो आणि एक गाडी उघडणारा असतो. गाऱ्हाणं घालणाऱ्याला नारळ मिळतो. उघडणाऱ्याला चहासुद्धा स्वतःच्या घरचा घ्यावा लागतो. सुपारीच्या बागेत फवारणी चाललेली असताना पंप बंद पडला, ऐन मेमध्ये विहिरीवरची मोटर जळली, पुरणाच्या दिवशी मिक्सर रुसला, की वाडी भाईंकडे येते. भाई "बघूया" म्हणत नाहीत. ते म्हणतात, "दोन नटांचा काम आसा." मग तो पंप चार दिवस पडवीत कणाकणाने पसरून पडतो आणि पाचव्या दिवशी खरोखरच चालू होतो. पैशाचं नाव काढलं तर भाई दुखावतात. वैनी दुखावत नाहीत, पण त्यांना विचारतो कोण?

भाई हायस्कूलमध्ये प्रयोगशाळा सहायक होते. पस्तीस वर्षं त्यांनी मुलांच्या हातून फुटलेल्या परीक्षानळ्यांचा हिशेब ठेवला, आणि निवृत्त होताना शाळेने टाकून दिलेल्या काही वस्तू घरी आणल्या. टाकून दिल्या मग आणल्या, की आणल्या म्हणून टाकून दिल्या असं झालं, हे कोणी विचारत नाही. त्यामुळे दोडामार्ग तालुक्यात गाडीचं ऑइल चोखपणे काचेच्या बीकरने मोजून घालणारा हा एकमेव इसम असावा. गाडीखालचा दिवा रिटॉर्ट स्टँडच्या चिमट्यात धरलेला असतो. प्रत्येक कामानंतर उरलेले नट-बोल्ट औषधांच्या बाटल्यांत लेबल लावून ठेवलेले असतात. एका बाटलीवर मी वाचलं होतं, "झेन. 2014. खंयचो म्हायत नाय. गाडी चालता."

ही झेन 1998 सालची, कार्बोरेटरची, गोल डोळ्यांची. भाईंकडे नवा पाहुणा आला आणि चहाचा कप खाली ठेवला, की त्याला तीन गोष्टी ऐकाव्या लागतात. इंजिन 993 सीसीचं, 50 घोड्यांचं. ते आख्खं ॲल्युमिनियमचं, "हेड पण आणि ब्लॉक पण." आणि हीच गाडी तिकडे युरोपात सुझुकी अल्टो म्हणून विकली जायची. तिसऱ्या वाक्याला भाई किंचित थांबतात. आमच्या खळ्यातल्या, फणसाखाली उभ्या गाडीची भावंडं युरोपच्या रस्त्यांवर धावली, हे पाहुण्याच्या मनात मुरायला वेळ द्यावा लागतो. वैनी त्या वेळात कप उचलून नेतात.

2021 च्या गणपतीला बंगळूरला नोकरी करणारा पुतण्या आला आणि त्याने काकांना हेडर आणून दिला. हेडर म्हणजे इंजिनातून जळका वायू बाहेर काढणाऱ्या मूळच्या बिडाच्या मेनिफोल्डऐवजी लावायचा नळ्यांचा घोस. चार नळ्या वरून निघतात, वळणं घेत दोनात मिळतात, दोन एकात. दिसायला एका देठाला चार पडवळं लागल्यासारखा. ओटीवर तो उघडला तेव्हा वर माटवी बांधायचं काम चालू होतं. वैनींनी एकदा हेडरकडे पाहिलं, एकदा माटवीकडे, आणि म्हणाल्या, "पडवळ कमी पडला तर ह्यां टांगूया."

हेडर टांगला गेला नाही, पण आठ महिने शोकेसमध्ये मात्र राहिला, मुलाच्या क्रिकेटच्या कपाशेजारी. पावसात काम नको, मग भात, मग काजू. या आठ महिन्यांत भाईंनी वाडीला हेडरचं शास्त्र शिकवलं. मलाही शिकवलं, आणि खरं सांगतो, इतकं चांगलं मला शाळेत कोणी काही शिकवलं नाही.

"पंगत बघितलंस मा?" ते म्हणाले. "चार खोल्यांत चार पंगती बसल्यो. सगळ्यांका हात धुवूक एकच दार. पयली पंगत दारात पोचता न पोचता तवसर दुसऱ्या खोलयेतली उठली. मगे काय होता? ढकलाढकल. जेवान झाल्लो माणूस परत खोलयेत रेटलो जाता." हा झाला बिडाचा मेनिफोल्ड. "आता प्रत्येक खोलयेक वेगळी वाट दी, आणि सगळ्यो वाटो सारख्या लांबीच्यो. पयली पंगत जोरात भायर गेली काय तिच्या पाठसून पोकळी ऱ्हवता. ती पोकळी दुसऱ्या पंगतीक ओढून काढता. ढकलूक नको, बोलवूक नको." हा हेडर. झेनच्या इंजिनात पंगती एक, तीन, चार, दोन अशा क्रमाने उठतात. म्हणून एकाची नळी चाराशी जुळवायची आणि दोनाची तिनाशी. एकामागोमाग उठणारे दोघे एका वाटेला लावायचे नाहीत. "भावभाव शेजारी बसवूक नयेत, तसा," असं म्हणून भाईंनी शेजारच्या घराकडे पाहिलं. तिथे त्यांच्या सख्ख्या भावाचं कुंपण सुरू होतं.

मी विचारलं, "पण भाईनु, याने होतला काय?"

"पिकअप," भाई म्हणाले. आमच्याकडे या शब्दात मोक्ष, आरोग्य आणि मुलीचं लग्न हे सगळं येतं.

काम 2022 च्या मे महिन्यात, एका शनिवारी सुरू झालं. आदल्या दिवशी, शुक्रवारी, भाई म्हापशाच्या बाजारात जाऊन पॅकिंग, नवे नट आणि वैनींसाठी सुके बांगडे घेऊन आले. दोडामार्गला राहण्याचा हा फायदा. आमचा तालुका महाराष्ट्राचा, पण पेट्रोल डिचोलीच्या बाजूचं, पार्ट म्हापशाचा आणि आजारी पडलं तर बांबोळीचं हॉस्पिटल. भाईंच्या गाडीच्या नंबरात 07 आहे, टाकीत कायम गोवा असतो.

गाडी वर उचलायला त्यांनी जॅक लावला आणि त्याखाली, चाकांच्या जागी, चिरे रचले. आमचा जांभा चिरा घर बांधायला राजा. पण वरून टोकदार भार आला आणि आतून पोकळ निघाला तर त्याचा एका क्षणात भुगा होतो. मी म्हटलं, हे चिरे काढा. भाई म्हणाले, "हो आमच्याच खाणीतलो." जणू घरचा चिरा घरच्या माणसावर कोसळणार नाही. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा भाईंशी भांडलो. शेवटी वैनींनी निकाल दिला, पडवीतले फणसाचे दोन ओंडके आले आणि भाई तोंड पाडून त्याखाली गेले. पाय बाहेर राहिले. पायांवरही नाराजी दिसू शकते, हे मला तेव्हा कळलं.

पहिला शत्रू गंज. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात चोवीस वर्षं उभी असलेली गाडी. तिचा प्रत्येक नट म्हणजे सात पिढ्यांचं कूळ, जागा सोडायला तयार नाही. त्यावर उपाय म्हणून भाईंनी पूर्वी एकदा काजूच्या टरफलाचं तेल वापरून पाहिलं होतं. ते तेल कातडी सोलून काढतं, तर गंज का काढणार नाही, असा त्यांचा तर्क. तेलाने तर्काचा पहिला भाग सिद्ध केला. पंधरा दिवस दोन्ही हातांना फडकी बांधून भाई वैनींच्या हातून जेवत होते. वैनी सांगतात की लग्नानंतर इतकं बोलणं त्या पंधरवड्यातच झालं. या वेळी त्यांनी नटांवर रात्रभर डिझेल सोडून ठेवलं आणि सकाळी प्रत्येक नटाला हाताने हलकेच थोपटलं. गुराला दूध काढायच्या आधी थोपटतात तसं.

रविवारी अकरा वाजेपर्यंत सात नट सुटले. प्रत्येक वेळी गाडीखालून आकडा येई, "पाच!", "सव!", "सात!" आणि खळ्याच्या गडग्यावर बसलेली आम्ही माणसं माना डोलवत होतो. आठव्याला आकडा आला नाही. "टक्" असा आवाज आला.

स्टड मोडणं म्हणजे काय, हे ज्याने अनुभवलं नाही त्याला समजावणं कठीण. नट नवा मिळतो. पण इंजिनाच्या हेडात रुतलेली ती खिळ्याएवढी लोखंडाची काडी आतल्या आत मोडली, की पकडायला वर काही उरत नाही. ड्रिल मारावं तर लोखंड कडक आणि भोवतालचं ॲल्युमिनियम मऊ, ड्रिल सरळ चालायचं सोडून मऊ बाजूला जातं. मग आटे जातात. ज्या ॲल्युमिनियमच्या हेडाचं कौतुक भाईंनी शे-दीडशे पाहुण्यांना ऐकवलं होतं, ते त्या क्षणी त्यांच्यावर उलटलं. गाडीखाली बराच वेळ शांतता होती. मग पाय हळूहळू बाहेर आले, त्यांच्यामागून भाई आले, आणि त्यांनी विहिरीवर जाऊन तोंड धुतलं. वैनींनी काही विचारलं नाही. पानात मात्र बांगड्याचा मधला तुकडा त्यांनाच वाढला.

संध्याकाळी भेडशीहून गेट आणि ग्रिल बनवणारा वेल्डर आला. त्याने आत डोकावून पाहिलं आणि तंबाखू मळत म्हणाला, "ह्या काय दोन नटांचा काम नाय." भाईंच्या खळ्यात हे वाक्य उच्चारायची हिंमत आजवर कोणी केली नव्हती. उपाय त्याला ठाऊक होता. मोडक्या स्टडच्या टोकावर एक नवा नट ठेवायचा, नटाच्या पोटातून वेल्डिंग मारून दोघांना एकजीव करायचं आणि ते निवत आलं की पाना लावून फिरवायचं. तापून निवताना लोखंड अंग चोरतं आणि गंजाची पकड सुटते. त्याने गॉगल चढवला, ठिणगी पाडली, आणि लाइट गेली.

लाइट सोमवारी दुपारी आली. तोपर्यंत उघडं इंजिन, गडग्यावरची माणसं आणि वेल्डरचं मशीन जागच्या जागी होतं. वेल्डर गेला नव्हता, कारण भाई त्याला पंगतीचं शास्त्र सांगत होते. स्टड मात्र पहिल्या फटक्यात सुटला, लोण्यातून केस काढावा तसा. भाईंनी तो कपाळाला लावला आणि बाटलीत टाकला.

आता हेडर बसवायचा. चार नळ्या हेडाला लागल्या, पॅकिंग बसलं, नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला आळीपाळीने आवळले. हे भाईंनी फार नीट केलं. एका टोकाकडून आवळत गेलं तर पॅकिंग दुसऱ्या टोकाला फुगतं, हे ते पुटपुटत होते, जणू मंत्र. आणि मग खालचं टोक सायलेन्सरच्या नळीला जोडायला गेले तर भोकं जुळेनात. अर्ध्या इंचाचा फरक. "सगळ्या झेनला बसतो," असं पुतण्याने सांगितलं होतं. आमची झेन ही सगळ्या झेनांपैकी नव्हती.

शहाण्या माणसाने इथे थांबून वेल्डरला जुळवणी करू दिली असती. पण भाईंचा धीर आठ महिन्यांनी, आठ नटांनी आणि एका स्टडने संपला होता. "फक्त पाच सेकंद," ते म्हणाले. "आवाज ऐकूया." आणि सायलेन्सर न जोडताच, उघड्या हेडरवर त्यांनी किल्ली फिरवली.

सायलेन्सर ही किती थोर वस्तू आहे, हे मला त्या पाच सेकंदांत कळलं. आवाज असा, की फणसावरचे कावळे उडाले, खळ्यातला कुत्रा घरात गेला तो थेट देवखोलीत, आणि खालच्या अंगाच्या सुपारीच्या बागेतून लोक पत्र्याचे डबे बडवत धावत वर आले. त्यात गंमत कमी होती. 2002 साली मांगेलीच्या बाजूने पहिल्यांदा हत्ती उतरले, तेव्हापासून तिलारीच्या खोऱ्यात मोठा आवाज झाला की माणसांना एकच शंका येते. कोणीतरी कळपामागे फटाके लावले, असं समजून ती आली होती. समोर झेन पाहिल्यावर त्यांनी डबे खाली ठेवले आणि जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. भाई एवढंच म्हणाले, "बघलास? इंजिनान श्वास घेतल्यान!"

मंगळवारी जोड तयार झाला, जुनाच सायलेन्सर परत लागला. सांध्यातून हवा गळते का ते पाहायला भाईंनी निरमाचा फेस लावला, शाळेच्या ब्रशने. पहिल्यांदा इंजिन तापलं तेव्हा नव्या नळ्यांवरचं तेल जळून इतका धूर निघाला, की वैनींनी पाण्याची कळशी आणली. धूर ओसरला, नट परत एकदा आवळले गेले, आणि मग आम्ही भेडशी ओलांडून तिलारी घाटाच्या रस्त्याला चाचणीला निघालो. भाईंच्या गळ्यात शाळेचं स्टॉपवॉच.

चढ लागला. पूर्वी इथे दुसरा गिअर टाकावा लागे. आताही भाईंनी दुसराच टाकला.

"फरक?" मी विचारलं.

"दुसरोच लागता," भाई म्हणाले, "पण आता आनंदान लागता."

वर पोचल्यावर त्यांनी स्टॉपवॉच पाहिलं, वहीत वेळ लिहिली, सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत. मी म्हटलं, आधीची वेळ किती होती? भाई बराच वेळ दरीकडे पाहत राहिले. आधीची वेळ घ्यायची राहून गेली होती. पस्तीस वर्षं मुलांना "प्रयोगाआधीचे निरीक्षण" हा रकाना भरायला लावणाऱ्या माणसाची. "ती माका म्हायत आसा," असं म्हणून त्यांनी छातीवर हात ठेवला. मला विचाराल तर, सायलेन्सर जुनाच असल्यावर या इंजिनातून दोन-तीन घोडे जास्त निघाले असतील तर निघाले असतील, आणि तेही गाडी जोरात हाकली तर. भाई चाळीसच्या वर जात नाहीत. पण खाली उतरताना, अगदी खालच्या वळणावर, आवाज पूर्वीपेक्षा थोडा घोगरा, वयात आलेल्या मुलासारखा येत होता. भाईंनी काच खाली केली होती आणि ते काही बोलत नव्हते, म्हणून मीही बोललो नाही.

उरला जुना मेनिफोल्ड. बिडाचा, जड. भंगारवाल्याला द्यायला भाई तयार नव्हते. तो वैनींनी घेतला. मेमध्ये सोलं वाळत घातली की वाऱ्याने ताडपत्री उडते. तिच्या कोपऱ्यावर ठेवायला इतकं नेमकं वजन त्यांना आजवर मिळालं नव्हतं. कोकमाच्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवायच्या त्या सालींशेजारी मेनिफोल्ड दोन उन्हाळे बसला. चार भोकांतून रस आत झिरपला, मीठ झिरपलं. सुझुकीच्या इंजिनिअरांनी या भागाकडून जेवढी अपेक्षा केली असेल, त्याहून जास्त सेवा त्याने या घरात केली.

मग 2023 साल आलं आणि गाडीचं पासिंग आलं. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी गाडी दाखवून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. मी भाईंना मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगितलं, 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल सांगितला, की कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपात असे बदल करता येत नाहीत. भाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "कोर्टान कधी झेनचो बॉनेट उघडल्यान हा?" त्यांनी विचारलं. पण माणूस आयुष्यभर सरकारी पगारावर जगलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय गाडीखाली होते. हेडर उतरला, शोकेसमध्ये गेला, आणि वैनींना ताडपत्रीवरचं वजन परत करावं लागलं. त्यांनी ते धुऊन दिलं, असं त्या म्हणतात.

पासिंगसाठी ओरोसला मी सोबत गेलो. दोडामार्गहून बांदा, सावंतवाडी, कुडाळ करत पोचेपर्यंत इंजिन चांगलं तापलेलं. तरुण साहेब, व्यवस्थित माणूस. त्यांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, चासी नंबर घासून पाहिला आणि बॉनेट उघडायला सांगितलं. भाईंनी ते अशा रुबाबात उघडलं, की गाभाऱ्याचं दारच. साहेब वाकले. एकदम थांबले, नाक पुढे करून पुन्हा वाकले. तापलेल्या बिडातून मंद, आंबट, खमंग वास येत होता, कोणीतरी दुपारच्या जेवणाला फुटी कढी करत असल्यासारखा.

"कोकम?" साहेबांनी विचारलं.

भाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"कंपनी फिटिंग आसा, सायबानु," ते म्हणाले.